जिप्सीची दोन्ही हाऊसिंग: पावसाळ्यानंतरच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर, अंबाजोगाई

गाडी मारुती जिप्सी किंग. मागेपुढे अखंड हाऊसिंग (दोन चाकांना जोडणारी लोखंडी नळी, तिच्या फुगीर भागात डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर), चारी बाजूंना पाटे, पुढच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) हातानं फिरवायचे लॉक. दादा पशुवैद्यक आहे. केज आणि धारूरच्या मधल्या बालाघाटात जे तांडे आणि वाड्या आहेत, तिथल्या पांदी पावसाळ्यात काळ्या चिखलानं अशा भरतात की मोटारसायकल उचलून न्यावी लागते. गाय अडली, नाहीतर म्हशीला कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा झाली की रात्री-बेरात्री हीच गाडी निघते. ती बंद पडली तर नुकसान आमच्या घरापुरतं राहत नाही, म्हणून हे काम नीट करायचं आणि लिहून ठेवायचं.

सध्याच्या तक्रारी अशा: चाळीसच्या पुढे मागून घरघर. साठच्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग थडथड करतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आत नकलवर (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावर) काळपट पातळ ओघळ. मागच्या उजव्या ड्रमच्या खाली तेलकट डाग.

गेल्या आठवड्यात एका गॅरेजला दाखवली होती. त्यांनी चाक न उचलता सांगितलं, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) गेलं, अख्खं हाऊसिंग बदला. कदाचित खरंही असेल. पण क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात. एकदा ती जोडी उघडली की बेरिंग, शिम (मापाच्या पातळ चकत्या), दातांमधला खेळ, दातांची बसक, सगळं मोजून परत बसवावं लागतं. मोजायची साधनं असलेला माणूस तालुक्याला मिळेलच असं नाही. म्हणून ठरवलंय, बाकीची प्रत्येक शक्यता तपासून झाल्यावरच त्या जोडीकडे जायचं. मिस्त्रीमामांशी बोलणं झालं. ते म्हणाले, "आवाज कुठून यायलाय ते आधी बघू. मग खोलू."

७ ऑक्टोबर

धुलाई. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याखाली मुद्दाम नेली नाही. तो फवारा सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून आणि ब्रीदरमधून (हाऊसिंगच्या हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ढकलतो. शिवाय गळती कुठून होते त्याच्या खुणाही पुसून टाकतो. लाकडी पट्टीनं माती खरवडली, मग डिझेल आणि ब्रश. आमच्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते, त्यामुळे यातच अर्धा दिवस गेला.

त्यात सापडली ती आजपर्यंतची सगळ्यात मोलाची गोष्ट. मागच्या हाऊसिंगचा ब्रीदर पूर्ण बुजलेला होता. वर चिखल, आणि आत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर. तारेनं टोकरून काढलं तेव्हा आतून हवा सुटल्याचा आवाज आला.

दादासाठी इथेच लिहून ठेवतो. गाडी चालली की हाऊसिंगमधलं तेल आणि हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तापलेली गाडी ओढ्यात उतरवली की लोखंड एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा येते. तो बुजलेला असेल तर तीच ओढ सीलवर पडते आणि सीलच्या ओठातून ओढ्याचं पाणी आत जातं. परत गाडी तापली की उलटा दाब बसतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं. म्हणजे पाणी आत जाणं आणि तेल बाहेर येणं हे दोन आजार दिसतात, पण कारण एकच. नवीन सील टाकून बुजलेला ब्रीदर तसाच ठेवला तर ते सीलही पुढच्या पावसाळ्यात जाणार.

पुढचा ब्रीदर मोकळा होता.

९ ऑक्टोबर

तेल काढलं. आधी भरायचा प्लग खोलला, तो मोकळा झाल्यावर मगच खालचा. हा क्रम कधी मोडायचा नाही. खालचा प्लग उघडून तेल सांडून बसलो आणि वरचा निघालाच नाही, तर कोरडं हाऊसिंग घेऊन गाडी जागेवर अडकते.

मागचा भरायचा प्लग खरंच जाम होता. आधीच्या कुणीतरी पान्याला पाइप लावून आवळलेला, कोपरेही घसरलेले. मामांनी त्यावर रात्रभर गंज सुटायचं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी प्लगच्या भोवतीच्या लोखंडाला गरम पाण्याचा शेक दिला, प्लगच्या डोक्यावर हातोड्याचे हलके टोले दिले आणि सहा कोनी गोटी (सॉकेट पाना) बसवून एका झटक्यात सोडवला. बारा कोनी गोटी अशा ठिकाणी वापरू नये, ती उरलेले कोपरेही घेऊन जाते. प्लग नवीन आणि वायसर नवीन घेणार. आटे शाबूत आहेत, हे नशीब.

मागचं तेल दुधाळ करडं होतं. शंका राहू नये म्हणून एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. तडतडला. कोरडं तेल नुसतं पसरून धूर सोडतं. पाणी आहे, नक्की. पुढचं तेल रंगानं ठीक, पण मॅन्युअलप्रमाणे पुढे २ लिटर हवं तिथे मापात दीड लिटरच्या थोडं वर भरलं. मागचं माप १.५ लिटर. पुढचं उरलेलं तेल कुठे गेलं, ते शोधायचंय.

काढलेला गाळ चुंबकावर धरून बघितला. मागच्यात राखाडी मलमासारखा लेप, बोटांमध्ये चोळला तर खर लागत नाही. इतका लेप दात एकमेकांवर घासून येतोच. घाबरायचं ते चकचकीत पापुद्रे, सुईसारखे तुकडे, दाताची कणी दिसली तर. तसं काही नाही. भरायच्या भोकातून बॅटरी मारून क्राउनचे जेवढे दात दिसतात तेवढे चाक फिरवून पाहिले. टवके नाहीत, निळेपणा नाही. म्हणजे पाणी फार जुनं नव्हतं.

हाऊसिंग बदला म्हणून सांगितलं होतं ते याच क्राउनसाठी.

१० ऑक्टोबर

आवाजाचा शोध. दोन्ही मागची चाकं उचलली. जॅकवर सोडून कामाला बसायचं नाही, हा मामांचा नियम आहे आणि तो आमच्याही घरी लागू. हाऊसिंगच्या नळीखाली दोन्हीकडे घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या, पाट्याजवळ. मधल्या फुगीर भागाखाली टेकू दिला तर गाडी एका बाजूला लवंडू शकते.

उजवं मागचं चाक हातानं फिरवलं आणि ब्रेक प्लेट धरली (पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असती तर ती धरली असती). तळहाताला खरखर लागली. डावीकडे काही नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावली, तरी तेच. मग मधल्या भागावर लावून ऐकलं, तिथे शांत. घरघर उजव्या चाकाच्या बेरिंगची आहे.

रस्त्यावरही हा फरक कळतो. क्राउन-पिनियनचा आवाज अॅक्सिलेटर दाबला की एक आणि सोडला की दुसरा असा बदलतो. चाकाच्या बेरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो, अॅक्सिलेटरचं त्याला फारसं काही नसतं, आणि गाडी लांब वळणावर एका बाजूला झुकली की कमीजास्त होतो. गाडी हलताना एकदाच ठक् झालं तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (हाऊसिंगपर्यंत ताकद आणणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि पाट्याचे यू-बोल्ट बघायचे. ते ढिले असले तरी माणसं डिफरन्शियल खोलून बसतात.

१३ ऑक्टोबर

मागचा उजवा शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) बाहेर.

ड्रम निघत नव्हता. हातोड्यानं कड ठोकली असती तर ड्रमला तडा गेला असता. जिप्सीच्या ड्रमला दोन आटेवाली भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट घालून थोडं इकडे, थोडं तिकडे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. कारखान्यानं ही सोय दिलेली आहे, तिचा उपयोग करावा. आत ब्रेक शू तेलानं भिजलेले. धुऊन परत वापरायचे नाहीत, अस्तर आतपर्यंत तेल पितं आणि तापलं की ते तेल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलणार, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढेल.

ब्रेकचा पाइप सोडवावा लागतो, कारण शाफ्ट ब्रेक प्लेटसकट बाहेर येतो. पाइपचा नट मऊ असतो. साध्या पान्यानं घसरला तर पाइपच कापावा लागतो. मामांकडे पाइपनटचा फट असलेला पाना आहे, तो वापरला. मग शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या जोडचकतीला) स्लाइड हॅमर लावून ओढला.

बेरिंग पाण्यानं गंजलेलं, गोळ्यांवर खड्डे. त्याच्या आत नळीतलं ऑइल सील, त्याचा ओठ कडक होऊन चिरलेला. ड्रमखालच्या डागाचं मूळ हेच.

संध्याकाळी एकानं सुचवलं की बेरिंगची रिंग गॅसनं तापवून कापा, पाच मिनिटांचं काम आहे. केलं नाही. शाफ्टला कारखान्यात कडकपणा दिलेला असतो, ज्योत लागली तर तो तिथल्या तिथे जातो आणि पुढे कधीतरी भर पांदीत शाफ्ट त्याच जागी तुटतो. रिंग ग्राइंडरनं एका बाजूनं पातळ करायची, शाफ्टला चाक लागायच्या आत थांबायचं आणि उरलेला पातळ भाग छन्नीच्या एका घावानं फोडायचा. मामांनी शाफ्टला पत्र्याची पट्टी गुंडाळून ते केलं. शाफ्टवर ओरखडाही नाही.

१५ ऑक्टोबर, लातूर

बेरिंग, रिंग, चारही सील, नकलचे सील-संच, किंगपिनची बेरिंगं, प्लग, वायसर, शू. सील घेताना जुनं सोबत नेलं आणि वर छापलेली तिन्ही मापं जुळवली: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. एका दुकानात आतला व्यास बरोबर पण जाडी कमी असलेलं सील "बसतंय की" म्हणून देत होते. बसतं, पण ओठ शाफ्टच्या गुळगुळीत पट्ट्यावर येत नाही.

बेरिंग हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घेतलं. दाब आतल्या रिंगवर द्यायचा. बाहेरच्या रिंगवर दिला तर गोळ्या आपली खूण पट्टीवर सोडतात आणि नवंकोरं बेरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. लेथवाल्यांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच नळीचा योग्य तुकडा शोधून आणला. अशी माणसं जपली पाहिजेत.

तिथेच भंगारवाल्यांकडे जिप्सीचं मागचं पूर्ण हाऊसिंग होतं, भावही मोहात पाडणारा. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून घ्यावं का, असं दादा फोनवर म्हणाला. आधी गुणोत्तर तपासलं. एक बाजू धरून ठेवायची, दुसऱ्या बाजूची फ्लँज बरोबर दोन फेऱ्या फिरवायची आणि पिनियनची फ्लँज किती फेऱ्या फिरते ते खडूची खूण करून मोजायचं. एकच बाजू फिरवतो म्हणून दोन फेऱ्या. जितक्या फेऱ्या मोजल्या, तितकं गुणोत्तर. आमच्या गाडीचं घरून मोजून गेलो होतो, चाराच्या थोडं आत. भंगारातलं चार ओलांडून पुढे गेलं.

घेतलं नाही. जिप्सीत फोरव्हील टाकलं की मागचा आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीनं बांधले जातात, मध्ये फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नाही. मागचं गुणोत्तर एक आणि पुढचं दुसरं असेल तर शंभर मीटरला चार-पाच मीटर कुठलं तरी चाक घासतच जाणार. चिखलात ते खपतं. कडक जमिनीवर तो पीळ ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी), क्रॉस आणि शाफ्टवर बसतो, आणि मोडतं ते यातलं सगळ्यात महाग. "जिप्सीचंच आहे" एवढ्यावर हाऊसिंग घेऊ नये. इंजिन बदलत गेलं तशी जिप्सीतली गुणोत्तरंही बदलली. दात मोजता आले तर आणखी चांगलं: क्राउनचे ३७ आणि पिनियनचे ९ असतील तर ४.११, ४१ आणि ११ असतील तर ३.७३.

१६ ऑक्टोबर

मागचा शाफ्ट बसवला. सीलच्या ओठाला ग्रीस, शाफ्ट हातानं तोलून सरळ आत. शाफ्टच्या टोकाचे खाचेदार दात सीलवर टेकले की नवीन ओठ तिथेच फाटतो आणि ते कळतं महिन्यानंतर. डावा शाफ्टही काढून तिकडचं सील बदललं, तिकडचं बेरिंग चांगलं आहे. ब्रेकची हवा काढली.

१९ ऑक्टोबर

पुढची डावी बाजू. आज खूप शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर.

कॅलिपर सोडून तारेनं पाट्याला टांगला. रबरी पाइपवर लोंबू दिला तर पाइप आतून फाटतो, बाहेरून दिसतसुद्धा नाही. हब लॉकचं झाकण, मग चाकाच्या बेरिंगचा नट. या नटावर छन्नीचे जुने घाव होते. आधीच्या कुणीतरी खास गोटी नसल्यामुळे ठोकून ठोकून फिरवलेला. नट स्वस्त आहे, पण तो ज्या स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याच्या) आट्यांवर बसतो ते बिघडले तर स्पिंडलच बदलावा लागतो. नट आणि जीभवाला लॉक वायसर दोन्ही नवे घातले. खास गोटी मामांनी पाइपच्या तुकड्यातून बनवलेली आहे. पैसे वाचवायचे असतील तर अशी हत्यारं बनवून वाचवावेत.

स्पिंडल काढल्यावर नकलच्या गोळ्यातून काळी पातळ आमटी बाहेर आली. तिथे घट्ट ग्रीस असायला हवं. बहुतेक जण इथे म्हणतात नकलचं मोठं सील गेलं, आणि ते बदलून गाडी देऊन टाकतात. मामांनी बोट बुडवून नाकाला लावलं आणि माझ्यापुढे धरलं. गंधकाचा उग्र वास. हायपॉइड गिअरच्या (क्राउन-पिनियनसारख्या तिरक्या दातांच्या) तेलात दातांवरचा प्रचंड दाब सोसावा म्हणून गंधक-फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात, तो वास त्यांचा. ग्रीसला तो येत नाही. म्हणजे डिफरन्शियलचं तेल नळीतून वाहत येऊन आतलं छोटं सील ओलांडतंय, ग्रीसला पातळ करतंय आणि मग बाहेर गळतंय. ९ तारखेला कमी भरलेल्या तेलाचा हिशेब इथे लागला.

बाहेरचं मोठं सील तर बदलायचंच, ते मातीनं खाल्लंय. पण फक्त तेच बदललं असतं तर ओघळ काही दिवस थांबला असता आणि पुढचं तेल मात्र गुपचूप कमी होत राहिलं असतं. ओघळ थांबला म्हणून कुणी पातळीही तपासली नसती. पुढचं क्राउन कोरडं पडून जळायची सुरुवात अशीच होते.

सीलची बैठक बारीक पॉलिश पेपरनं साफ करून नवीन सील सपाट गोल चकतीवर हलके टोले देत बसवलं, तिरकं जाऊ न देता.

नकलच्या आतला, वळलेल्या चाकालाही फिरवणारा जॉइंट धुऊन बघितला. पिंजऱ्याला तडा नाही, खाचा गुळगुळीत आहेत. पूर्ण वळवलेल्या चाकावर फोरव्हीलमध्ये कट-कट आवाज यायचा असता तर इथे खुणा दिसल्या असत्या. यात मोलिब्डेनमचं काळं ग्रीस भरलं. चाकाच्या बेरिंगमध्ये लिथियमचं. दोन्ही डबे वेगळ्या फळीवर ठेवलेत, बोटं आणि चिंध्याही वेगळ्या.

२० ऑक्टोबर

स्टिअरिंगची थडथड. यासाठी टायर, टायरॉड, स्टिअरिंग डॅम्पर असा क्रमानं खर्च करणारी माणसं मी पाहिलीत. नकल ज्या वरच्या-खालच्या किंगपिनवर फिरतो त्यांचा ताण बघितला. मोजायची पद्धत साधी आहे. हब, जॉइंट, मोठं सील काढलेलं असताना टायरॉड बसतो त्या भोकात ताणकाटा अडकवायचा आणि नकल हलायला सुरुवात होईल तेव्हाचा आकडा वाचायचा. मॅन्युअलात १ ते १.८ किलो. आमचा काट्यावर जेमतेम दिसत होता, म्हणजे नकल नुसता लोंबत होता.

बेरिंगच्या पट्टीवर रोलरच्या आडव्या खुणा उमटलेल्या, पाणी आणि खड्ड्यांचा परिणाम. नवीन बेरिंगं बसवली. वरची पिन वर, खालची खाली, काढतानाच खुणा करून ठेवल्या होत्या. शिमा काढल्या की ताण वाढतो, घातल्या की कमी होतो. एकेक पातळ शिम कमी करत दीड किलोवर आणलं. उजवीकडेही तेच केलं. टायरॉडचा बॉल जॉइंट पुलरनं काढला, ठोकून नाही. ठोकला की आटे पसरतात आणि नट परत चढत नाही.

काटा दीड किलोवर थरथरून थांबला तेव्हा मामांच्या तोंडून "आता बसलं बघा" निघालं. मलाही फार बरं वाटलं. हा ताणकाटा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच आहे. एवढ्याशा साधनावर काम अंदाजाचं न राहता मोजमापाचं होतं.

२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर परत. मागच्या पिनियनचं सील पाझरतंय, थेंब पडत नाही पण फ्लँजभोवती ओल आहे. बदलायचं ठरलं, पण हे काम सगळ्यात जपून.

पिनियनच्या दोन बेरिंगांच्या मध्ये एक चेपणारा स्पेसर असतो. नट आवळताना तो ठरावीक चेपला जातो आणि त्यावर बेरिंगांचा ताण ठरतो. एकदा जास्त चेपला की नट मागे घेऊन तो फुगत नाही. हवेच्या गननं नट आवळला की दोन सेकंदांत ताण मापाबाहेर जातो, बेरिंगं तापतात आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ओरडायला लागतात. मग पूर्ण डिफरन्शियल बाहेर. एवढ्याशा सीलवरून क्राउन-पिनियनपर्यंत खर्च पोचायची ही सगळ्यात जवळची वाट आहे.

आम्ही असं केलं: प्रोपेलर शाफ्ट सोडला. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढली, फिरायला किती जोर लागतो तो आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत टोच्यानं खूण केली, नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजलं. फ्लँज धरायला लांब पट्टी, नट हातानं सोडला. सील बदललं. फ्लँजच्या ज्या पट्ट्यावर ओठ घासतो तिथे नखाला लागेल अशी खाच नाही, हे पाहिलं. खाच असती तर नवीन सीलही पाझरलं असतं. मग नट हातानं खुणेपर्यंत, आणि परत दोरी ओढून भिंतीवरच्या आकड्याशी जुळवणी. जुळला.

दुपारी शेजारचे वेल्डिंगवाले हाऊसिंगवरचा एक जुना डाग बघून म्हणाले, एक टाका मारून देतो. नम्रपणे नको म्हटलं. तो डाग रंगाचा होता, तडा नव्हता. आणि तडा असता तरी बसवलेल्या बेरिंगांतून वेल्डिंगचा करंट जाऊ देता कामा नये, अर्थिंग लांब लावलं की गोळ्या आणि पट्टीच्या मध्ये ठिणग्या पडून टवके जातात.

३ नोव्हेंबर

तेल. ८०डब्ल्यू-९० (घट्टपणा), जीएल-५ (गिअर तेलाचा दर्जा), पुढे-मागे तेच. गिअरबॉक्ससाठी आणलेला जीएल-४चा डबा शेजारीच होता, तो आधी उचलून दूर ठेवला. हायपॉइड दात एकमेकांवर लोळतात त्याहून जास्त घसरतात, त्यांना जीएल-५ लागतं. उलट जीएल-५मधली तीच संयुगं काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना खातात. दोन्ही तेलं दिसायला सारखीच, म्हणून डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

गाडी सपाट फरशीवर, भोकाच्या काठाला तेल येईपर्यंत. मापापेक्षा हा काठ खरा मानायचा. जास्त भरलं तर ते तापून फेसाळतं आणि सील शोधत बाहेर येतं.

दोन्ही ब्रीदरना रबरी नळी जोडून वर नेली. मागची टपाच्या पायाशी, पुढची बॉनेटखाली, तोंड खाली वळवून आणि छोटा फिल्टर लावून. कुंभारीण माशीला आता ते तोंड सापडणार नाही, आणि आमचे ओढे तिथवर चढत नाहीत.

५ नोव्हेंबर

चाचणी. केजच्या रस्त्यानं निघालो, टू-व्हीलमध्ये. घरघर गेली. साठला खड्डा मुद्दाम घेतला, स्टिअरिंग एकदा हललं आणि सरळ झालं. पंधरा किलोमीटरनंतर थांबून चारी हबवर आणि पिनियनजवळ हात ठेवला. सगळीकडे कोमट. एखादं हाताला सोसवत नसतं तर तिथे ताण जास्त झालाय असं समजलो असतो. यू-बोल्ट परत आवळले, चाकाचे नटही.

मग पांदीत फोरव्हील, आधी हब लॉक दोन्हीकडे. एकच हब लॉक करून फोरव्हील टाकलं तर पुढून ओढ मिळत नाही आणि माणसाला वाटतं पुढचं डिफरन्शियल गेलं. डांबरीवर येताच फोरव्हील काढलं. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेर घेतात, कडक रस्त्यावर तो फरक घसरून जिरत नाही. कुणीतरी "घाटात पकड चांगली राहते" म्हणून कोरड्या धारूर घाटात फोरव्हील लावून जातात, ते थांबवलं पाहिजे. दादाच्या मदतनीस पोराला हे गाडीजवळ उभं करून दाखवलं.

त्याला आणखी एक सांगितलं: वाहत्या ओढ्यात उतरायच्या आधी वेळ असेल तर दहा मिनिटं गाडी थांबू द्या. गाय अडलेली असेल तर थांबू नका, मात्र परत आल्यावर मला सांगा, मी दुसऱ्या दिवशी प्लग उघडून बघेन.

२२ नोव्हेंबर

मागचं तेल पुन्हा काढलं, जेमतेम पाचशे किलोमीटर झाले असतील. पाणी शिरलेल्या हाऊसिंगच्या कोपऱ्यात उरलेली ओल पहिल्या तेलात उतरते, ते फेकायचं असं आधीच ठरलेलं होतं. दादाला नवीन तेल फेकणं जिवावर आलं, पण दीड लिटरचाच प्रश्न आहे. रंग स्वच्छ, किंचित धूसर. थेंब पत्र्यावर एकदाच हलका तडतडला. चुंबकावर बारीक लेप, त्यात कणी नाही. नवीन तेल भरलं.

पुढचं तेल काठाला जसंच्या तसं. डावा नकल कोरडा. मागच्या ड्रमखाली डाग नाही.

राहिलेली कामं: पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या ट्रान्सफरकडच्या क्रॉसमध्ये बोटाला जाणवेल इतका खेळ आहे, जानेवारीत बदलू, सर्क्लिपसकट. मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा बरेच झिजलेत. परीघ दोरीनं मोजला, फरक दिसतो. फोरव्हीलला हाही एक पीळच, म्हणून चारही टायर आत्ताच फिरवून घेतले आणि नवे घ्यायचे तेव्हा चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. पुढच्या उजव्या नकलचं आतलं सील अजून कोरडं आहे, नवीन आणून ठेवलंय, मे महिन्यात, पावसाच्या आधी बसवायचं.